काट्यांना हात न लावता

महिन्यापूर्वी एका सकाळी शांतिलालकाकांच्या सुनेचा, कविताभाभींचा फोन आला. "पप्पा गेले…" एवढंच त्या बोलल्या. दुसऱ्याच दिवशी मी वारूळवाडीला, काकांच्या घरी जाणार होते. आठ दिवसांनी एक उत्तर घेऊन ये, असं काकांनी बजावलं होतं. ते उत्तर अजून माझ्या ओठांवरच आहे.

काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान नारायणगावच्या पेठेत. कॉलेजच्या दिवसांत कळंबहून येता-जाता मी तिथे रमायचे. दुरुस्त केलेली घड्याळं ते आठवडाभर भिंतीवर चालू ठेवत आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी लावत: रोज किती पुढे, किती मागे. एकदा ते जेवायला गेले असताना मी नको तो शहाणपणा केला. मोबाइल बघून सगळी घड्याळं बरोबर लावून टाकली आणि शाबासकीची वाट बघत बसले! काका आले, भिंतीकडे बघून एकेक चिठ्ठी काढू लागले. "पोरी, आठ दिवसांची मेहनत पुसलीस की. घड्याळाची खोड कळायची तर हात लावायचा न्हाई, नुसतं बघायचं." त्यानंतर दुकानात मला चहा मिळायचा, घड्याळ कधीच नाही. फार लागलं होतं ते मनाला.

पुढे उपग्रहांच्या घड्याळांचा मेळ राखणाऱ्या गटात मला नोकरी लागली. वरचं घड्याळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकं चुकलं, तरी खाली मोबाइलवरची जागा फूटभर सरकू शकते! पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, वरचं घड्याळ आपण सारखं सारखं लावत बसत नाही. ते किती चुकतंय हे जमिनीवरून मोजायचं आणि उपग्रहाला कळवायचं. तोच मग सगळ्यांना आपली चूक सांगत फिरतो. मी खुर्चीतच उडाले. अहो, हे तर आमच्या पेठेतलं!

माझ्या हातचं पहिलं गणित उपग्रहावर गेलं, बरोबर निघालं, आणि मी थेट वारूळवाडी गाठली. काका अंथरुणावर होते. मी धापा टाकत सगळं सांगत सुटले, ते डोळे मिटून ऐकत राहिले… मग एकच प्रश्न. "हात न्हाई ना लावलास?"

"नाही, काका!"

ते उठून बसले. मनगटावरचं चावीचं घड्याळ सोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "मग ह्ये घे. रोज किती चुकतंय, त्ये आठ दिवसांनी येऊन सांग." परतीच्या एसटीत मी हसत होते आणि रडतही होते.

आता ते माझ्या टेबलावर असतं. रोज सकाळी चावी देते, काट्यांना हात लावत नाही. परवा माझ्याकडे आलेल्या भाभी म्हणाल्या, "अगं, सात मिनिटं मागं हाय, लाव की नीट." नाही लावणार.

रोज अकरा सेकंद मागे, काका. एकाही दिवशी बारा नाही.