कौसल्याआत्याचं मत

परळच्या एका ऑफिसात प्रिती ऑनलाइन सर्व्हे बनवते. तिला रंगांचा भारी सोस. नायगावच्या चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या मंडळींनी सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी कॅरम ठेवायचा की गाण्याचा सराव, यावर मतं मागवायचं ठरवलं, तेव्हा काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. चाळीत असते तर हात वर करून भागलं असतं. टॉवरमध्ये गेलं की लिंक पाठवावी लागते.

प्रितीने हौसेने सर्व्हे सजवला आणि पहिली लिंक घरातच, कौसल्याआत्याला पाठवली. आत्याला लहानपणापासून दिसत नाही. टेलिफोन ऑपरेटर म्हणून ती रिटायर झाली, आणि आता तिचा मोबाइल तिला सगळं वाचून दाखवतो. त्याने वाचलं, "चित्र. बटण. बटण."

"अगं, सर्व्हे आहे की शिंप्याचं दुकान?" आत्या खो खो हसली. "नुसती बटणंच!"

प्रितीचा भाऊ बुद्धभूषण कॅरमवाल्यांचा म्होरक्या. तो लगेच पुढे सरसावला. "आण इकडे आत्या, मी भरतो. कॅरमच ना?"

आत्याचं हसू थांबलं. "राहू दे रे. बघते मी."

प्रितीच्या ते लक्षात आलं. आत्याचा प्रत्येक फॉर्म आजवर दुसऱ्या कुणीतरी भरला होता, तोही चारचौघांत मोठ्याने विचारून. या घरात आत्याला काय हवंय हे सगळ्यांना माहीत असायचं, फक्त आत्याला सोडून.

प्रिती जिद्दीला पेटली. तिने बटणांना नावं दिली आणि परत लिंक पाठवली. मोबाइल इमानदारीत बोलला, "हिरवं बटण. लाल बटण."

"रंग झकास आहेत म्हणतेस?" आत्याने विचारलं. "बरं, यातलं गाणं कुठलं?"

प्रितीने कपाळावर हात मारून घेतला. एवढी शिकलेली पोरगी, पण डोळे मिटून एकदाही स्वतःचा सर्व्हे ऐकला नव्हता. मग मोबाइल कानाशी धरून तिने तो ओळीओळीने ऐकला. चित्रं गेली. थोडा वेळ झाला की पान आपोआप बंद व्हायचं, तेही तिने थांबवलं. बटणांवर सरळ 'कॅरम' आणि 'गाण्याचा सराव' असं आलं.

या वेळी आत्या इअरफोन लावून खिडकीशी जाऊन बसली. पाच मिनिटांत परत आली.

"काय दिलंस गं?" बुद्धभूषणने विचारलं.

"तुला सांगायचं असतं तर तुझ्याकडूनच भरून घेतलं नसतं?"

रविवारी निकाल लागला. कॅरमची सरशी झाली, गाण्याचा पार धुव्वा उडाला. बुद्धभूषण नाचतच आला. "आत्या, जिंकलो आपण!"

"वा!" म्हणून आत्याने त्याच्या हातावर पेढा ठेवला. तो गेल्यावर ती प्रितीच्या कानाशी वाकली.

"मी हरले गं," ती म्हणाली. आवाजातला आनंद तिला लपवता येत नव्हता. "एवढी वर्षं कधी हरलेच नव्हते. जो माझा फॉर्म भरायचा, त्याच्या बाजूने जिंकायचे."