भोंगा का वाजेना

किसुमूच्या सरोवर-हवामान कचेरीत आवुओर न्यांडिगाची ख्याती एकच: बिघाड मिटला तरी तो का झाला हे कळेपर्यंत तिच्या घशाखाली मक्याची उगाली उतरत नसे. एकदाच तिने ते सोडून दिलं आणि नेमकं तेच अंगाशी आलं.

वादळ ओळखणारी जुनी कोड-लायब्ररी सी भाषेतली, किनाऱ्यावरचा भोंगा वाजवणारी स्क्रिप्ट पायथॉनची. दोघींना जोडणारा कोडचा सांधा आवुओरने लिहिला होता. तो मधूनच मेमरीच्या चुकीने कोसळायचा. शोध घ्यायला तिने पडद्यावर मजकूर दाखवणारी प्रिंटची एक ओळ घातली, तर कोसळणंच थांबलं! "चालतंय ना? मग पुढे चल," साहेब म्हणाले. ती पुढच्या कामाला लागली.

मंगळवारी दुपारी तीनला सांधा पुन्हा कोसळला; तो चालेपर्यंत भोंगा वाजणार नव्हता. नंदीच्या डोंगरांवरून वादळ चढत होतं, आणि चारला डुंगा किनाऱ्यावरून मासेमारीच्या होड्या सुटणार होत्या. एकीत तिचा धाकटा भाऊ ओंडिटी.

"वेकेसा, कशाला हात लावलास?" तिने शेजारी बसणाऱ्या धाकट्या सहकाऱ्याला विचारलं.

"कशालाच नाही, ताई. तुझी ती बिनकामाची प्रिंट तेवढी काढली."

"हात शिवशिवत होते का रे तुझे?"

"मग ती का ठेवलीय ते लिहायचं होतंस."

 तिने ओळ परत घातली. दोनदा चाललं, तिसऱ्यांदा कोसळलं.

तिने ओंडिटीला फोन लावून होडी सोडू नकोस म्हटलं. "भोंगा कुठे वाजलाय?" तो हसला. "फोनवरच्या अफवा ऐकायच्या नाहीत, हा ठराव तूच आम्हा कोळ्यांकडून करून घेतलास ना गं?" आणि त्याने फोन ठेवला.

 आवुओर कोडची एकेक ओळ वाचत गेली. भोंगा वाजवणारं फंक्शन तिने लायब्ररीकडे सोपवलं होतं, पण पायथॉनच्या बाजूला ते कुणीच धरून ठेवलं नव्हतं. नको असलेलं समजून पायथॉन ते झाडून टाकी, आणि लायब्ररी नंतर मेमरीतल्या त्याच जागी हाक मारायला जाई. प्रिंटमुळे ती जागा इतके दिवस दुसऱ्या कशाने भरली नव्हती, एवढंच. निव्वळ नशीब!

पायथॉनने ते झाडू नये म्हणून तिने फंक्शन एका कायमच्या नावाला बांधलं. वेकेसाने शंभरदा चालवून पाहिलं. एकदाही कोसळलं नाही.

चारला पाच मिनिटं कमी असताना डुंगावर भोंगा वाजला. लगेच ओंडिटीचा फोन आला.

"इथे आभाळ स्वच्छ आहे गं! नक्की कळलंय ना तुला?"

"हो," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "या वेळी कळलंय."