बायकोसाठी बसवलेलं इंग्रजी गाणं

लग्नानंतर पंधरा दिवसांनी मी एकटाच जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गला परतलो. बायकोचा व्हिसा यायला अजून तीन महिने होते. एकदा फोनवर ती म्हणाली, तिला रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या काळातल्या एका गायकाचं हळुवार प्रेमगीत फार आवडतं. मी लगेच म्हटलं, "अगं, ते तर मला पाठ आहे." मला त्यातली एक ओळही येत नव्हती.

मग गाणं मिळवलं, शब्द देवनागरीत उतरवून घेतले आणि रोज ऑफिसातून आलो की आरशासमोर उभा राहायला लागलो. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

एका रविवारी दुपारी दारावर टकटक झाली. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई, पासष्टीच्या. रविवारी इथे कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही, आणि मी गात होतो! माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "अहो, गाताना एवढी घाई कशाला? तुमची ट्रेन सुटतेय का?"

तरुणपणी त्या ह्याच गाण्यावर नाचल्या होत्या. पुढे दर शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात माझी तालीम सुरू झाली. त्या टेबलावर बोटांनी ठेका धरायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. मला वाटायचं, तल्लीन झाल्यात.

शेवटी बायको आली. दुसऱ्याच दिवशी घरमालकीणबाई केक घेऊन वर आल्या. मी घसा खाकरून उभा राहिलो. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला आवाज फाटला. तिसरीला बायकोने तोंडावर ओढणी धरली, आणि मग ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. माझे कान तापले. मी गाणं मध्येच थांबवलं.

"अरे, थांबू नकोस ना," ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्यासाठी इतकं कुणीच केलं नव्हतं. आणि इतकं वाईटही कुणी गायलं नव्हतं."

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं. मी फक्त पहिल्या वाक्याचं जर्मन केलं.

मग बाईंच्या आग्रहावरून बायकोने तेच गाणं म्हटलं. सहज, अगदी सुरात. बाई उठल्या, तिचा हात धरला आणि दोघी आमच्या त्या एवढ्याशा खोलीत हळूहळू नाचायला लागल्या. मी कॉफी करायला गेलो. ती मात्र छान झाली होती, असं दोघींनीही सांगितलं.