बसून जेवायची अट

आमचे दाजी अडतीस वर्षं वेटर होते आणि त्यांना बसता येत नाही. गुडघे शाबूत आहेत, कंबर माझ्यापेक्षा बरी आहे. पण समोर ताट आलं की हा माणूस उठतो. पहिल्या घासाला पाणी आणायला, दुसऱ्याला मीठ आणायला, तिसऱ्याला कुणाचं काय संपलंय ते बघायला. चौथा घास घेताना ते ओट्यापाशी उभे असतात आणि पातेल्यातलं उरलंसुरलं खात असतात.

त्यांची बायको म्हणजे माझी ताई. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण नवऱ्यासमोर बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक जेवण काही तिच्या वाट्याला आलं नाही. नोकरी होती तोवर जगाच्या जेवणाच्या वेळा त्या दाजींच्या कामाच्या वेळा होत्या. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, खोड तेवढी राहिली.

मग लेकीने आणि जावयाने दोघांना सात दिवसांच्या जहाजाच्या सहलीची तिकिटं दिली. दाजी हरखले. ताई शांतपणे भाजी निवडत होती.

"जहाज असो नाहीतर विमान, मला त्याचं कौतुक नाही," ती म्हणाली. "सात दिवसांत एकदा, फक्त एकदा, माझ्यासमोर बसून सूपपासून गोडापर्यंत जेवायचं. मध्ये उठायचं नाही. कबूल असेल तर बॅग भरते."

"अगं, एकदाच काय? सातही दिवस बसतो!" दाजी म्हणाले. उभे राहून म्हणाले.

मी बरोबर निघालो ते स्वतःच्या खर्चाने आणि ओझी उचलायला. माझ्या बायकोला जहाजाच्या नुसत्या चित्राने मळमळतं, त्यामुळे मला सुट्टी सहज मिळाली.

तयारीला दाजींनी चार महिने घेतले. तीनशे माणसांच्या मेजवानीची मांडणी करावी तशी त्यांनी ती सहल मांडली. खोली कुठली घ्यायची यावर मी म्हटलं, वरची घेऊ, समुद्र छान दिसेल.

"मेव्हणे, ट्रे कधी उचललाय का?" दाजी म्हणाले. "कडेचा ग्लास आधी सांडतो, मधला नाही. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध. समुद्र बघायचा तर गच्चीवर जाऊन बघा, तिथे तो फुकट आहे."

जहाज सुटायच्या दिवशी बंदराच्या गावी पोचू, असं मी सुचवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे स्वयंपाकघर बंद झाल्यावर ऑर्डर देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं. आम्ही आदल्या दिवशी पोचलो. मोठ्या बॅगा जहाजावर चढताना काढून घेतात आणि खोलीत संध्याकाळपर्यंत येतात, म्हणून औषधं, पासपोर्ट आणि एक जोड कपडे हातातल्या पिशवीत, हाही दाजींचाच नियम. त्याची किंमत मला शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांमुळे कळली. ते बिचारे पहिला अख्खा दिवस पोहण्याच्या तलावाकाठी टाय लावून बसले होते. फोन विमानातल्यासारखा गप्प करून ठेवायचा, नाहीतर समुद्रातून घरी केलेल्या एका फोनचं बिल सहलीएवढं येतं. मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावायचं. किनाऱ्यावर उतरलात तर परतीच्या वेळेआधी तासभर माघारी यायचं. एक गोष्ट तेवढी त्यांच्या नजरेतून सुटली. ताईने गुपचूप इस्त्री घेतली होती. ती दारातच जप्त झाली. आगीची भीती म्हणून जहाजावर इस्त्री चालत नाही. ताई सातही दिवस कपड्यांच्या सुरकुत्यांकडे बघून उसासे टाकत होती.

पण दाजींचा खरा जीव होता बक्षिसाच्या, म्हणजे टिपच्या, पाकिटांत. पांढरी पाकिटं, प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात 'खोलीवाला', 'टेबलवाला', 'टेबलवाल्याचा मदतनीस'. बंदरावरच्या हमालासाठी पाकीट नाही. त्याचे सुटे पैसे शर्टाच्या वरच्या खिशात, कारण हमालाचे दोन्ही हात भरलेले असतात आणि त्याला पाकीट उघडत बसायला वेळ नसतो. "लहान नोटा आणायच्या. मोठी नोट देऊन सुट्टे मागणारा माणूस मला सासऱ्यासारखा वाटतो," ते म्हणाले. ताई म्हणाली, "माझ्या बाबांना मध्ये आणू नका." बारच्या बिलात बक्षीस आधीच धरलेलं असतं, खालची रिकामी ओळ भोळ्यांसाठी असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: "द्यायचं आणि चालू लागायचं. आभार मानून घ्यायला उभं राहायचं नाही. देणारा रेंगाळला की घेणाऱ्याला दोनदा हसावं लागतं."

एवढं सगळं जाणणारा माणूस पहिल्याच संध्याकाळी चुकला. आणि अशी चूक वेटरच करू शकतो.

झालं असं, की जहाजावर प्रत्येक पाहुण्याच्या खात्यात रोजचं बक्षीस आपोआप लावलं जातं. दाजींनी तो कागद वाचला आणि त्यांचे कान लाल झाले. ते ज्या हॉटेलात होते, तिथल्या मालकाने अकरा वर्षं बिलात सेवा शुल्क लावलं होतं आणि वेटरांना एक दमडी दिली नव्हती. त्या पैशांतून दाराशी रंगीत माशांची मोठी काचपेटी बसली.

"अकरा वर्षं आम्ही ते मासे पोसले!" दाजी म्हणाले आणि तडक चौकशीच्या खिडकीशी गेले. ताईची आणि स्वतःची, दोन्ही खात्यांतली रोजची बक्षिसं त्यांनी काढायला लावली. खिडकीतल्या बाईंनी दोनदा विचारलं, "काका, नक्की ना?"

"नक्की. मी ज्याचं त्याच्या हातात देईन. माशांना एक पैसा नाही."

बाईंना मासे कुठले ते कळलं नाही. त्यांनी पैसे काढून टाकले.

रात्रीच्या जेवणाला रोज तेच टेबल आणि तोच वेटर. आमचा वेटर चाळिशीचा, उंच, भरघोस मिशीचा. आम्ही त्याला आपसात मिशीवाला म्हणायला लागलो. पहिल्या दिवशी सूप संपलं आणि मी तोंड पुसेपर्यंत दाजी तीन बशा एका हातावर आणि पाण्याचा जग दुसऱ्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाले होते. मिशीवाला मागे धावत होता. "साहेब! साहेब, ठेवा ते!"

"अरे, वाटेवरच होतो," दाजी म्हणाले. वाटेवर कसले, ते टेबलाशी जेवायला बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या चार टेबलांवरचे ग्लास भरले. तिसऱ्या दिवशी त्या टाय लावून पोहायला बसलेल्या गृहस्थांची ऑर्डर घेतली आणि मिशीवाल्याला येऊन सांगितली, "सात नंबरला मासा, लिंबू जास्त, बटाटा नको." चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईंची खुर्ची ओढून द्यायला गेले आणि त्यांना तीन पुडिंगांमधला फरक समजावत उभे राहिले.

ताई प्रत्येक जेवणानंतर एक बोट मिटत होती. "चार गेले. तीन उरले."

पाचव्या संध्याकाळी सूप यायच्या आधी काळ्या कोटातले मुख्य वेटर आमच्या टेबलाशी आले. मागे मिशीवाला खाली मान घालून उभा.

"आपल्याला इथली सेवा पसंत पडली नाही, याचं वाईट वाटतं," ते म्हणाले. "हा माणूस आजपासून बदलून देतो."

"पसंत नाही? कोण म्हणतं? अहो, हा माणूस म्हणजे सोनं आहे!"

"काका, नाराज पाहुणा आमच्याकडे दोन प्रकारे ओळखू येतो. एक तर तो बक्षीस काढून घेतो, नाहीतर स्वतः उठून बशा उचलतो. तुम्ही दोन्ही केलंत."

दाजींनी मालक, सेवा शुल्क आणि मासे, सगळी कथा सांगितली. मुख्य वेटरांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. मिशीवाला मात्र गंभीरपणे म्हणाला, "दादा, ते पैसे इथे सगळ्यांत वाटले जातात. मला पाकीट मिळेल हो, मी तुमच्यासमोर असतो. पण खाली कपडे धुणाऱ्या बाया आहेत, भांडी घासणारे आहेत. ते कधी वर येत नाहीत. त्यांच्या नावाचं पाकीट केलंत का तुम्ही?"

"मोरीवाल्यांनाही वाटा मिळतो?"

"मिळतो तर!"

दाजींनी हॉटेलात पहिली दोन वर्षं मोरीवर काढली होती. ते नेहमी सांगतात, तिथे कोपरापर्यंत साबण असतो आणि कुणी तुमचं तोंड बघितलेलं नसतं. ते उठले आणि ताडताड खिडकीकडे गेले. आम्हाला जेवणघराच्या काचेतून दिसत होतं. दोन्ही हातांनी ते काहीतरी समजावत होते आणि खिडकीतल्या बाई पोट धरून हसत होत्या. पहिल्या दिवसापासूनची सगळी बक्षिसं परत लागली. वर दाजींनी अभिप्रायाचं कार्ड मागितलं, कारण वेटराच्या नावानिशी लिहिलेली चार ओळींची शाबासकी वरच्या साहेबांपर्यंत जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक. एक कार्ड पुरलं नाही. दुसरं मागून घेतलं.

मिशीवाला आमच्याच टेबलावर राहिला. दाजी परतले तेव्हा गोड पदार्थही संपला होता.

"हे उठणं माफ," ताई म्हणाली. "पण मोजलं गेलं. दोन उरले."

सहाव्या दिवशी दाजी माशापर्यंत बसले. आम्ही श्वास रोखून होतो. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला कुणाचा तरी ट्रे धाडकन पडला. झोपेतून उठवलेल्या अग्निशामक दलाच्या माणसासारखे दाजी धावले आणि काचा वेचून, हात धुऊन वीस मिनिटांनी आले.

ताईने सहावं बोट मिटलं. त्या दिवशी ती हसली नाही. "राहू दे," ती मला म्हणाली, "मी उगाच हट्ट धरला. त्यांचे पाय त्यांचं ऐकत नाहीत, माझं काय ऐकणार?" मला तिला काय सांगावं ते सुचेना, म्हणून मी तिच्या वाटचं पुडिंग खाल्लं.

सातवा दिवस. शेवटचं जेवण, पाकिटं द्यायचा दिवस. खोलीवाल्याचं पाकीट सकाळीच पोचलं होतं. तो रोज टॉवेलचा नवा प्राणी करून पलंगावर ठेवायचा. दाजींनी टेबलवाल्याचं पाकीट कोटातून काढलं आणि सवयीप्रमाणे, द्यायचं आणि चालू लागायचं म्हणून, उठायला लागले.

मिशीवाल्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "घेणार नाही, दादा."

"अरे? का?"

"वहिनींनी मला अट सांगितली आहे. पाकीट गोड खाऊन झाल्यावर घेईन, आणि तुम्ही खुर्चीवर बसून दिलंत तरच घेईन. मध्ये उठलात तर शपथ, हातही लावणार नाही."

एका वेटराचं बक्षीस दुसऱ्या वेटरामुळे बुडणार! दाजी खाली बसले. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले.

सूप आलं, गेलं. पाव आला. शेजारच्या टेबलावर चमचा पडला. दाजींचा गुडघा वर आला. ताईने टेबलाखाली त्यांच्या पावलावर पाऊल ठेवलं. समोरच्या माणसाचा ग्लास रिकामा झाला. दाजींनी डोळे मिटून घेतले. मासा आला. आता बघायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी डोळे उघडून बायकोच्या ताटाकडे बघितलं.

"तू वाटाणे बाजूला काढतेस?"

"हो."

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. मला आवडत नाहीत."

हॉटेलातल्या कोपऱ्याच्या टेबलावरच्या वकिलांना कांदा चालत नाही, हे या माणसाने बावीस वर्षं न लिहिता लक्षात ठेवलं होतं. दाजींनी काट्याने ताईचे वाटाणे एकेक करून आपल्या ताटात घेतले आणि खाऊन टाकले. मग विचारलं, "आणखी काय आवडत नाही?"

ताईने सांगायला सुरुवात केली. यादी लांब होती. मी मधेच आमच्या लहानपणाच्या दोन चुगल्या घातल्या. तिने मला झापलं. दाजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला, आणि पाणी मिशीवाल्याने आणून दिलं. दाजींनी ते बसून घेतलं. पुडिंग येऊन गेलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी मिशीवाल्याने बसलेल्या दाजींकडून पाकीट घेतलं आणि न उघडता खिशात घातलं. स्वयंपाकघराच्या दारातून त्याचे चारपाच सोबती डोकावत होते. त्यांनी हलक्या हाताने टाळ्या वाजवल्या.

मिशीवाला गेल्यावर ताईने पर्स उघडली, एक नाणं काढलं आणि हळूच दाजींच्या बशीखाली सरकवलं. दाजी माझ्याशी बोलत होते. बोलता बोलता त्यांचा हात बशीकडे गेला, बशी उचलली गेली, नाणं तळव्यात आलं आणि थेट कोटाच्या खिशात पडलं. अडतीस वर्षं हा हात न बघता ते करत आला होता. नाणं खिशात पडल्यावर मग ते थांबले. ते बाहेर काढून त्यांनी दिव्याखाली धरलं, मग ताईकडे बघितलं.

"कमी आहे," ते म्हणाले.

"घरी गेल्यावर उद्या बसून दाखवा," ताई म्हणाली. "मग वाढवू."