हसलो की पडतो

दिवसा कुठेही मला झोप लागायची, त्याला घरात आळस म्हणत. हसल्यावर गुडघे सुटायचे, त्याला मात्र कुणाकडे नाव नव्हतं.

एका संध्याकाळी दूध कट्ट्यावर, म्हशीची धार समोरच ग्लासात घेत असताना, मी मित्राच्या नव्या गाडीवरून एक टोमणा मारला. चांगला बसला. सगळे हसले आणि मी ग्लासासकट खाली. शुद्ध पूर्ण होती, पण हातपाय ऐकत नव्हते.

"फिट आलीया! चप्पल हुंगवा की!" कुणीतरी ओरडलं.

मित्रानं स्वतःच्या पायातली काढली आणि देवाला फूल वाहावं तशी माझ्या नाकाशी धरली. त्याचा गंभीर चेहरा बघून मला आणखी हसू आलं आणि सावरत आलेला मी पुन्हा सैल पडलो. गुण येईना, म्हणून त्यानं दुसरीही काढली.

शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी माझ्या दिवसाच्या झोपेला नार्कोलेप्सी असं नाव सांगितलं. हसल्यावर अंगातली ताकद जाणं हा त्याच आजाराचा भाग. कशानं होतं यावर लक्ष ठेवा, म्हणाले. ठेवलं. दुसऱ्याच्या विनोदावर मी बहुतेक टिकतो. स्वतःचा विनोद जमला की हमखास पडतो. रागानं जबडा लुळा पडतो, त्यामुळे घरातली भांडणं बायकोच जिंकते. दुःखानं काहीच होत नाही. मयताला मी भरवशाचा खांदेकरी.

मग मुलगी झाली. तिच्याकडे बघितलं की आनंदानं हात सैल व्हायला लागायचे. ती हातातून पडेल या भीतीनं मी तिला घेणंच सोडलं. जवळ गेलो तरी हसू येऊ नये म्हणून तोंड वाकडं करून भिंतीकडे बघायचो.

मुरगूडहून सासूबाई आल्या. दोन दिवस बघत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पावणं, पोरगी झाली म्हणून तोंड पाडून बसलाय व्हय?"

मला फार लागलं ते, रागही आला. उत्तर द्यायला गेलो तर जबडाच लुळा पडला.

बायकोनं जमिनीवर गादी टाकली. "आडवं व्हा. आता आणि कुठं पडणार हायसा?" तिनं पोरीला माझ्या छातीवर ठेवलं, वरून तिला स्वतःच्या हातानं धरलं. "आता बघा तिच्याकडं."

बघितलं. पोरगी बोळकं पसरून हसली. माझी मान कलंडली, दोन्ही हात गादीवर पडले, डोळ्यांतून पाणी तेवढं वाहत होतं.

सासूबाई खाली बसल्या, माझा लुळा हात उचलला आणि नातीच्या पाठीवर ठेवून धरून राहिल्या.