भिंतीतले लांब दगड
ओल्या चुन्याचा वास आला की जपानमधल्या त्सुकुबातली ती लॅब आठवते. इंग्लंडमधल्या शेतांवरच्या जुन्या दगडी घरांच्या भिंती भूकंपात कितपत टिकतील, हा माझ्या पीएचडीचा विषय होता. अशा भिंतीत दगडांचे दोन पदर असतात, मध्ये कपच्या आणि चुना, आणि जागोजागी एक लांब दगड आरपार जाऊन दोन्ही पदरांना बांधून ठेवतो. चाचणीसाठी लॅबमध्ये उभारलेल्या भिंतीत घाईघाईत ते लांब दगडच गाळले होते. सेन्सेई, म्हणजे माझे मार्गदर्शक प्राध्यापक, म्हणाले, "परवा पाहुणे येतायत. आहे तीच भिंत यंत्रावर हलवून दाखवू." मी म्हटलं, "ती कोसळेल, आणि नाव त्या घरांचं खराब होईल." "ती घरं बांधणारे कधीच मेले. त्यांच्यासाठी भांडतेस?" "हो," म्हणत मी हातमोजे चढवले आणि त्यांच्यादेखत वरचा दगड उतरवला. कोणी अडवलं नाही, कोणी मदतही केली नाही. पाहुणे अर्धी पाडलेली भिंत बघून परत गेले. लांब दगड घालून मी ती पुन्हा रचली. चुना वाळेपर्यंत हिवाळा सरला. मग यंत्राने भिंत हादरवली, तेव्हा कोपऱ्यातून मोठी भेग गेली, पण भिंत उभी राहिली. सेन्सेई भेगेवरून बोट फिरवत राहिले. माझी पदवी लांबली, त्यांचं शिफारसपत्र तर मिळालंच नाही. कुणी विचारलं तर आजही सांगते, ती भिंत मी पुन्हा पाडेन.