कोरडी ओळ

मायक्रोस्ट्रिप अँटेना ही दिसायला अगदीच भिकार वस्तू. तांब्याचा पातळ थर चढवलेली पाटी घ्यायची, हवा तेवढा चौकोन रंगाने झाकायचा आणि उरलेलं तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळू द्यायचं. ऐंशीच्या दशकात नाशिकला हे काम मी आमच्या न्हाणीघरात उकिडवी बसून करत असे. त्याचे पिवळे डाग फरशीवरून कधी गेले नाहीत, आणि यजमानांनी त्याबद्दल बोलणंही कधी सोडलं नाही. सकाळी कॉलेजात तास, दुपारी प्रॅक्टिकलं, संध्याकाळी पोळ्या आणि उरलेल्या वेळात पीएचडी. उरायचा काय, डोंबल! मी थकून गेले होते.

विषय कागदावर मोठा छान दिसायचा: जमिनीत पुरलेली वस्तू न खणता शोधणे. एका चौकोनाने लहरी सोडायच्या, दुसऱ्याने परत आलेल्या पकडायच्या. खाली काही असेल तर मीटरचा काटा वर जातो. प्रयोगशाळेत वाळूच्या टबातले कौलांचे तुकडे मी पटापट शोधत असे. पण पुण्याचे माझे मार्गदर्शक सर म्हणाले, टब म्हणजे जमीन नव्हे, खऱ्या काळ्या मातीत माझ्यासमोर काटा उचलून दाखवा, मग सही करतो. ते मे महिन्याच्या अखेरीस निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर नवे मार्गदर्शक, नवा विषय आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं.

माझ्या एका विद्यार्थिनीचा दिंडोरीजवळ द्राक्षमळा होता. तिच्या वडिलांनी दिवाळीनंतर बांधालगतच्या शेवटच्या ओळीत सिमेंटच्या पाइपाचा तुकडा वीतभर खोल पुरून दिला. ओली काळी माती या लहरी गिळून टाकते, म्हणून त्या ओळीला पाणी देऊ नका, असं मी तिच्या आईला बजावून सांगितलं होतं. माउलीने उन्हाळाभर एक थेंब दिला नाही. छाटणीनंतर सगळा मळा हिरवा फुटला, त्या एका ओळीच्या मात्र काड्या झाल्या. मी दर खेपेला भेगाळलेली जमीन बघायची आणि खूश व्हायची.

ठरल्या दिवशी यंत्राची पेटी मांडीवर घेऊन मी एसटीने पोचले. सर पुण्याहून मोटारीने यायचे होते. बांधावर गेले आणि पेटी खाली ठेवली. ती अख्खी पट्टी सारवून गुळगुळीत केली होती, वर शेणाचा सडा आणि सड्यावर रांगोळी. भेगांत सडा बसेना, म्हणून त्या बाईंनी आधी विहिरीच्या पाण्याने माती चांगली भिजवून चोपली होती. हळद-कुंकू, नारळ, सगळी तयारी पाटावर मांडलेली.

मला संताप आला. पाणी देऊ नका म्हणून किती वेळा सांगितलं होतं, असं मी विचारलं.

त्या गोंधळल्या. "ते येलींना म्हणाला व्हता ना बाई. ह्यो तर सडा हाय. तुमचे गुरू येणार, त्यांना काय उघड्या-बोडक्या ढेकळांत उभं करायचं?"

सर आले, नारळ फुटला, यंत्राला कुंकू लागलं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मी ते सुरू केलं आणि रांगोळी मोडत चौकोन पुढे सरकवत गेले. काटा मेल्यासारखा पडून राहिला. पाइपावरही तसाच, पाइपापलीकडेही तसाच. सरांनी ते दोनदा करायला लावलं. मग माणूस सभ्य, माझ्या मेहनतीबद्दल चार शब्द चांगले बोलले, पुरणपोळी जेवले आणि जाताना म्हणाले, नव्या मार्गदर्शकांना चिठ्ठी देतो, ते कोरड्या जमिनीवर पुन्हा करून घेतील.

मोटार गेल्यावर मी तारा गुंडाळत बसले. रडू येत होतं, पण रडण्याचाही कंटाळा आला होता. त्या बाई जवळ येऊन बसल्या. घडलं काय ते मुलीने त्यांना समजावलं असावं.

"माझ्यापायी झालं ना," त्या म्हणाल्या. "म्होरल्या साली बी ही ओळ कोरडी ठिवते. हातभर सुदिक सडा नाय घालायची. तुमी या फक्त."

मी त्या काड्यांकडे पाहिलं.

"नको," मी म्हणाले. "उद्यापासून पाणी सोडा."